खराद अब्बांचा, दोरी अम्माची

मागच्या हिवाळ्यात गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक पाहुणा नांदेडहून आमच्या देगलूरच्या घरी आला. लुप्त होत चाललेल्या कलेवर त्याला व्हिडिओ करायचा होता. माणूस समोर बसून बशीतनं चहा फुंकतोय आणि हा म्हणतो लुप्त! त्यानं अब्बांना लाकूड कातायच्या खरादापुढं बसवलं, टोपी सरळ करायला लावली, मागची बादली हलवली, तारेवरची लुंगी काढून घेतली. मग अम्माकडं बघून लई अदबीनं म्हणाला, "आजी, जरा बाजूला होता का? मधी येऊन राहिल्या तुम्ही."

अम्मा झाली बाजूला. हातातली दोरी खाली ठेवली, पदर सावरला आणि दारात जाऊन बसली. पाहुण्यानं हात वर करून इशारा दिला, करा सुरू. अब्बा पटाशी धरून बसले. खराद बसला. लाकूड बसलं. सगळेच बसले.

"करा ना चाचा."

"काय करू? खराद फिरवतंय कोण, तुझा बाप?"

मी तिथंच होते. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. शेवटी अम्माला परत बोलवावं लागलं. व्हिडिओ आला तेव्हा बघितलं, तर त्यात अम्माचे फक्त मनगटापर्यंतचे दोन हात आलेत. बाकी अम्मा गायब. लुप्त काय ते तेवढंच झालं होतं.

आधी हा खराद चालतो कसा ते सांगते, नाहीतर पुढची भांडणं कळायची नाहीत. दोन खुंट, मध्ये आडवं लाकूड, त्याला दोरीचे दोन वेढे. दोरीची दोन टोकं अम्माच्या दोन हातांत. तिनं उजव्या हातानं ओढलं की लाकूड अब्बांकडं फिरतं, डाव्यानं ओढलं की उलटं जातं. अब्बा समोर जमिनीवर बसून पायाच्या अंगठ्यानं पटाशी दाबून धरतात आणि लाकूड त्यांच्याकडं फिरतं तेवढ्यातच लावतात. उलटं जायला लागलं की पटाशी उचलायची. उजवा हात, लाव. डावा हात, उचल. दिवसभर हेच. त्यातनं भोवरे निघतात, खुळखुळे निघतात, पोळ्याच्या लाकडी बैलांचे पाय निघतात, लेकरांच्या पांगुळगाड्याची चाकं निघतात. रंगवायचं असलं की लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबायची. अम्मानं लांब लांब, जोरात ओढलं की लाकूड तापतं आणि लाख वितळून बसते. बघणाऱ्याला वाटतं सगळी करामत अब्बांच्या हातात आहे. अब्बांनाही तसंच वाटायचं, हे काय वेगळं सांगायला पाहिजे?

आमच्या घरात दखनी बोलतात. मी मराठी शाळेत शिकले, म्हणून इथं सगळ्यांना मराठीतच बोलायला लावते, अब्बांना चालेल. नाहीतरी आमच्या दुकानात गिऱ्हाईक तेलुगूत भाव पाडतं, अब्बा दखनीत शिव्या देतात आणि सौदा मराठीत होतो. तर ह्या एवढ्या भाषा घरात असून माझ्या आईबापांचं आपसात बोलणं जवळजवळ नव्हतंच. "मीठ कमी झालं" आणि "नमाजला चाललो" एवढ्यावर त्यांचा संसार झाला असं शेजाऱ्यांना वाटायचं. मलासुद्धा लहानपणी तसंच वाटायचं. मग कळलं की हे दोघं बोलतात ते दोरीवर.

अम्मा खूश असली की दोरी सरसर जायची, एका लयीत, आणि अब्बांच्या पटाशीखालून लाकडाची लांबच्या लांब साल निघायची. चिडली की हिसके. माझं लग्न जमायच्या वेळची गोष्ट. अब्बांनी कुणाला काही न विचारता लातूरच्या पाहुण्यांना, म्हणजे आता जे माझं सासर आहे त्यांना, सगळ्या गोतावळ्यासकट दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावून टाकलं. अम्मा तोंडानं "बरं" म्हणाली आणि दोरी धरली. त्या दिवशी तिनं असे हिसके दिले की एकूण एक भोवऱ्याला कंबर आली. अब्बा म्हणाले, "हळू." अम्मा म्हणाली, "हळूच हाय." बस. एवढंच भांडण. त्या कमरेच्या भोवऱ्यांना पुढच्या बाजारात अशी मागणी आली की पलीकडच्या तेलंगणातली पोरं तेच मागायला लागली. अब्बा डोकं खाजवत म्हणाले, "तसे परत करायचे म्हणजे तुला परत चिडवावं लागंल."

"त्याला तुमाला काय मेहनत लागती?" अम्मा म्हणाली.

लग्नानंतर मी लातूरला गेले. आमच्या नवरोबांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. उन्हाळा लागला की रेणापूरपासून लोक बोअरच्या जळक्या मोटारी घेऊन येतात आणि हा माणूस पंधरवडा "उद्या या, उद्या या" म्हणत काढतो. ते असो. मागच्या ईदला मी माहेरी आले, तर अम्मा डाव्या हातानं केस विंचरत होती. भांग असा वाकडा की बघवेना. विचारलं तर म्हणाली, झोपेत हात वळला. खोटं बोलायचं तर धड तरी बोलावं! मी तिचा उजवा हात धरून वर केला, तर खांद्याच्या वर जाईचना आणि हिच्या डोळ्यांत टचकन पाणी.

कापड घ्यायला चाललो असं अब्बांना सांगून तिला नांदेडला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी फोटो काढला, बघितला आणि म्हणाले, "खांदा झिजलाय. काय काम करता?" अम्मा म्हणाली, "काही नाही, घरीच असते." बघा! मग मीच सांगितलं, ही काय काम करते ते. डॉक्टर म्हणाले, दोरी आजपासून बंद. ओढत राहिलात तर हा हात असाच लोंबत राहील, घास तोंडापर्यंत जायचा नाही. अम्मानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दुसरं काही सांगा."

परतीच्या एसटीत तिनं माझ्याकडनं शपथ घेतली. "अब्बांना सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील." मी म्हटलं, अगं पण का? तर म्हणे, "मी दोरी सोडली की त्यांचं काम बंद. काम बंद झालं की तो माणूस खाट धरंल. तुला म्हाईत न्हाई त्यांचं. दोन दिवस खराद बंद असला तर भाकरी खात न्हाईत." मग पुढं म्हणाली, "आन दिवसभर घरात बसले तर मला आधी मारतील त्ये."

मला इतका राग आला की मी तिच्याशी देगलूर येईपर्यंत बोलले नाही. राग तिचाही आणि अब्बांचाही. ह्या बाईचा हात चाललाय आणि त्या माणसाला पत्ता नाही. समोर बसतो रोज! दोरी तिच्या हातात, नजर ह्यांची लाकडावर. लाकडाला बारीक चीर गेली तर ह्यांना दिसते, बायकोचा भांग वाकडा झालेला दिसत नाही.

त्यात त्याच वर्षी अब्बा भलतेच तिरसट झाले होते. एक शेतकरी नातवासाठी पांगुळगाडा सांगायला आला. चांगला ओळखीचा, त्याच्या स्वतःच्या पायाला चालायला शिकवलं ते अब्बांच्याच गाड्यानं. अब्बा म्हणाले, "न्हाई करत."

"का वं चाचा?"

"घाई काय हाय तुमाला? चालंल की लेकरू आपल्या पायानं. कुठं बस पकडायची हाय का त्याला?"

तो बिचारा माझ्याकडं बघायला लागला. मी काय सांगणार? कोपऱ्यात लाकडाचा ढीग तसाच पडलेला. पोळ्याच्या बैलांचंही तेच. मागणी घेऊन येणाऱ्याला वाटेला लावायचे. मोठं काम म्हणून घ्यायचे नाहीत. नुसते भोवरे आणि खुळखुळे, तेही दर खेपेला आणखी बारके. मी एकदा मूठभर भोवरे हातात घेऊन विचारलं, "अब्बा, हे भोवरे हायत का बोरं?"

"आजकालच्या पोरांची बोटं बारीक झाली," अब्बा म्हणाले. "मोबाईलनं."

म्हटलं, झालं. म्हातारा गेला कामातनं. एकीचा खांदा गेला, एकाचं डोकं गेलं, आणि दोघांच्या मध्ये मी शपथ गिळून बसलेली.

शेवटी नवऱ्याच्या मागं लागले. शपथ अब्बांना न सांगायची होती, नवऱ्याबद्दल काही ठरलं नव्हतं. गिऱ्हाइकांना "उद्या या" सांगणाऱ्या ह्या माणसानं चक्क आठवड्यात काम केलं. उसाच्या रसाच्या गाड्यावरची जुनी मोटार घेतली, नवी तार भरली, पट्टा लावला, लोखंडी पाट जोडला, आणि आम्ही ते धूड टेम्पोत टाकून उदगीरवरनं देगलूरला घेऊन आलो. अब्बांनी बघितलं. "हे काय?"

"तुमच्या जावयाची हौस," मी म्हटलं.

जावयाला नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही. अब्बांनी तोंड कडू करून "वा, वा" केलं. अम्मानं मात्र माझ्याकडं असं बघितलं की मी नजर चुकवली. ती काही न बोलता दारात लसूण सोलत बसली. दोरी सोडवून खुंटीला टांगली होती, तिकडं एकदाही बघितलं नाही तिनं.

मोटार सुरू झाली. खराद घुर्र करून फिरायला लागला, एकाच बाजूला, न थांबता. अब्बांनी पटाशी लावली. भोवरा तयार झाला. हातात घेतला तर त्याच्यावर वरपासून खालपर्यंत कड्याच कड्या, एकीला लागून एक. गांडुळाच्या अंगावर असतात तशा.

"मोटार हलती तुमची," अब्बा म्हणाले.

नवऱ्यानं नट आवळले. दुसरा भोवरा. परत कडी. नवऱ्यानं बेअरिंग बदललं. तिसरा भोवरा, परत तेच. आता जावई घामाघूम आणि सासऱ्यांचा चेहरा खुलत चाललेला. "असू द्या जावईसाब. उसाचा रसच काढा तिच्यातनं." शेवटी नवऱ्यानं चिडून पटाशी मागितली, म्हणाला, मला बघू द्या. आयुष्यात पहिल्यांदा खरादावर बसलेला माणूस. त्यानं जे काही बनवलं ते भोवऱ्यापेक्षा वांग्यासारखं दिसत होतं, पण त्यावर एक कडी नव्हती. गुळगुळीत.

अब्बांनी ते वांगं उलटंपालटं करून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मला त्यांचं असं तोंड कधी बघितलेलं आठवत नाही. पटाशी खाली ठेवून ते म्हणाले, "काढा हे. आपल्याला जमत न्हाई." आणि मग अम्माकडं न बघता, "चल. दोरी घे."

आणि ही बाई उठली! लसणाची सुपली बाजूला ठेवून, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि खुंटीकडं निघाली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं गेली शपथ खड्ड्यात, आता सांगतेच. तोंड उघडलं, तेवढ्यात अम्मा वाटेत थांबली. पहिला कडीवाला भोवरा पायाशी पडला होता तो तिनं उचलला आणि त्याच्यावरनं अंगठा फिरवला. सावकाश. एकदा, परत एकदा.

"पटाशी उचलून राहिले तुम्ही," ती अब्बांना म्हणाली.

"कुठं?"

"हे काय. एवढं लावलं, उचललं. एवढं लावलं, उचललं. मोटार उलटी जात न्हाई अजी, मग उचलता कशाला?"

अब्बांनी हाताकडं बघितलं, परक्याचा असल्यासारखं. खरंच होतं. अम्मा उलटी ओढायची तेव्हा पटाशी उचलायची सवय. जन्मभराची. आता उलटं ओढायला कुणी नव्हतं तरी हात आपला उचलायचा, परत लावायचा, आणि प्रत्येक वेळी एक कडी उठायची. नवऱ्याला सवयच नव्हती म्हणून त्याचं वांगं साफ निघालं. मला हसू यायला लागलं होतं. पण अम्मा हसत नव्हती. तिचा अंगठा अजून त्या भोवऱ्यावरच होता.

"ह्या कड्या इतक्या जवळ जवळ का?" ती म्हणाली.

तिनं भोवरा अब्बांपुढं धरला.

"माझं ओढणं लांब होतं. ह्या अख्ख्या भोवऱ्यात दोन कड्या आल्या असत्या, लई झालं तर तीन. एवढ्या लवकर उचलायचं कवापासून धरलं तुम्ही?"

अब्बा खाली बघून पटाशीची धार बोटानं चाचपत राहिले. मग म्हणाले, "तुझा उजवा हात आखूड पडायला लागला तवापासून."

नवऱ्यानं मोटार बंद केली. इतका वेळ ती रिकामीच फिरत होती.

"म्हाईत होतं तुमाला?"

"दोरीला कळतं की. मागच्या पोळ्याच्या आधीच कळलं."

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. पांगुळगाड्याच्या चाकाला लांब ओढ लागते, ताकद लागते. बैलाच्या पायाला लागते. म्हणून ह्यांनी सगळी मोठी कामं परत पाठवली. म्हणून भोवरे बोराएवढे झाले. बोटं बारीक झाली, मोबाईलनं! आणि मी ह्या माणसाला मनातल्या मनात वर्षभर काय काय शिव्या घातल्या होत्या.

अम्माचा चेहरा लाल झाला. मला वाटलं रडेल. ती भडकली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला अब्बांवर तोंडानं भडकलेली बघितली, आणि आवाज असा की पलीकडच्या घरातली बाई भिंतीवरनं डोकावली. "म्हाईत होतं तर बोलले का न्हाई? तोंड शिवलं होतं का?"

"तू तरी कुठं बोलली?"

"मी बोलले असते तर तुमचं काम बंद पडलं असतं!"

"मी बोललो असतो तर तू दोरी सोडली असती," अब्बा म्हणाले. "मग बसली असती घरात हात धरून, आपला काय उपेग न्हाई म्हणून. मी वळखत न्हाई का तुला?"

"दात वठावर दाबून वढून राहिले मी. तुमचं काम चालावं म्हणून."

"आन मी तुला कमी वढावं लागावं म्हणून काम बारकं करून राहिलो."

अम्मा त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "मग वरीसभर आपण दोघं ही खेळणी केली कुणासाठी?"

भिंतीवरची शेजारीण खाली गेली. मी पदरानं डोळे पुसले आणि नवऱ्यावर उगाच खेकसले, उभा काय राहिलास, चहा टाक. तो बिचारा आमच्या घरात चहाचा डबा शोधायला गेला.

अब्बांनी जावयाला परत हाक मारली. मोटार चालू करा म्हणाले. अम्मा तोवर सवयीनं खुंटीपाशी गेली होती; दोरी घ्यायला तिचा हात वर गेला, तो तिला अर्ध्यावरच थांबवावा लागला, वर जाईना म्हणून. अब्बांनी ते बघितलं. "राहू दे ती," ते म्हणाले. "तुझा हात गेला तर दुसरा मिळणार न्हाई. माझा शिकंल. गाढवाला शिकवतात, ह्याला काय होतंय?"

अम्मा खुंटीपासून वळली. दारात गेली नाही. आली आणि आपल्या नेहमीच्या जागी, अब्बांच्या समोर, खरादाच्या पलीकडं बसली. हात मांडीवर मोकळे. ते तिला इतके जड झाले असावेत की ते कुठं ठेवावे कळेना, कधी पदराखाली घ्यायची, कधी बाहेर काढायची.

अब्बांनी नवं लाकूड चढवलं. मोठं. पांगुळगाड्याच्या चाकाचं. अंगठा टेकला, पटाशी लावली. साल निघायला लागली आणि निघता निघता तुटली. हात उचलला होता. परत लावली, परत उचलली. अब्बांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी दात खाल्ले, मनगट दुसऱ्या हातानं धरून बघितलं, तरी ते आपल्या वेळेला वर यायचंच.

अम्मा पुढं झुकली.

"उचलू नका," ती म्हणाली. "मी वढत न्हाई आता."

अब्बांनी एकदा तिच्याकडं बघितलं, मान खाली घातली आणि पटाशी तशीच दाबून धरली.